चौथीच्या पुस्तकातला चष्मा

पाठ्यपुस्तक मंडळात तिला सगळे प्रूफबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखात होतं. तीस वर्षं तिने पहिली ते दहावीची पुस्तकं छापायच्या आधी वाचली होती. देशातलं एकही मूल आपल्या नजरेखालून गेलेलं पुस्तक वाचल्याशिवाय शाळा शिकलेलं नाही, असं ती चहा पिताना अधूनमधून ऐकवायची. ऐकणारे मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं. निवृत्तीला दहा महिने राहिले होते. एवढ्या वर्षांत कुणी आपल्याकडे बोट दाखवलं नाही, हा तिचा तोरा होता. तोही बव्हंशी खरा होता. जे काय खोटं होतं ते चौथीच्या इतिहासात, देशाच्या संस्थापकांवरच्या तिसऱ्या धड्यात, एकोणिसाव्या पानावर होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

दर रविवारी ती मोठ्या भावाकडे जेवायला जायची. भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. सगळा जन्म पुलांच्या कामावर देखरेख करण्यात गेलेला. आज या नदीवर तर उद्या त्या. बायको गेली, नोकरी संपली, आणि दोन वर्षांपूर्वी तो मुलाकडे राहायला आला. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. कामावर वरच्यांना साहेब-साहेब करायची सवय जाईना म्हणून तो नातीलाच साहेब म्हणायचा, आणि तीही पोरगी साहेबासारखीच त्याला कामाला लावायची.

त्या रविवारी नातीची दुसऱ्या दिवशी इतिहासाची चाचणी होती. सूनबाई एका हाताने वाढत होती आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून प्रश्न विचारत होती.

"गुरुजींचा चष्मा कोणी परत नेऊन दिला?"

"संस्थापकांनी."

"तेव्हा त्यांचं वय किती होतं?"

"अकरा वर्षं."

"किती अंतर चालून गेले?"

"बारा किलोमीटर. अनवाणी."

"चष्मा देताना गुरुजींना काय म्हणाले?"

नातीने ताठ बसून एका दमात म्हणून टाकलं, "गुरुजी, आपण आम्हांला जग दाखविता. आपणांस ते दिसले पाहिजे."

प्रूफबाईने ताटात मान घातली. हे वाक्य कुठंही कानावर पडलं, वक्तृत्वस्पर्धेत किंवा एखाद्या मंत्र्याच्या भाषणात, की तिला कानशिलं गरम झाल्यासारखं व्हायचं. सत्तावीस वर्षांत ती सवय गेली नव्हती. पण भावाच्या जेवणाच्या टेबलावर ते वाक्य पहिल्यांदाच येत होतं, आणि भावाचा हात वाटेतच थांबला होता.

"परत वाच बघू," तो सुनेला म्हणाला. "सगळं वाच."

सुनेने वाचलं. अकरा ओळी होत्या, त्यांना वेळ तो किती लागणार. गुरुजींची दुसऱ्या गावी बदली होते, निघताना ते चष्मा शाळेत विसरतात, छोट्या संस्थापकांना तो दिसतो, आणि कुणाला न सांगता ते भर उन्हात चालत सुटतात.

"अगं, हे तर मी केलंय," भाऊ म्हणाला.

आधी सगळे हसले. त्यालाही वाटलं हसताहेत म्हणजे पटलंय, म्हणून तो रंगात आला. "खरंच की. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या मास्तरांची बदली झाली, बारा किलोमीटरवर. त्यांचा चष्मा मागे राहिला, तो मी नेऊन दिला. आता हे आपणांस-बिपणांस मी काही बोललो नव्हतो, मला तर धाप लागली होती. पण बाकीचं सगळं माझंच आहे. कुणी लिहिलंय हे?"

"आजोबा, मग तुम्ही संस्थापक आहात?" नातीने विचारलं. आता तर मुलाला ठसकाच लागला.

"अरे, हसताय काय? ही आहे ना साक्षीला." भाऊ प्रूफबाईकडे वळला. "बबे, सांग की ह्यांना. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा तूच उभी होतीस ना वळणावर."

चार जणं तिच्याकडे बघायला लागली. हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न हा येणार की तुझं पुस्तक, मग दादाची गोष्ट त्यात शिरली कशी. भाच्याची बायको चारचौघांत बोलणारी, नात शाळेत सांगणारी, आणि निवृत्तीला दहा महिने. तिने पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले, आणि वेळ मारून नेली.

"खूप वर्षं झाली रे दादा. सहा वर्षांची होते मी. मला कुठलं आठवतंय."

भावाने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. मग त्याने मान हलवली आणि जेवायला लागला.

आता हे घडलं कसं ते सांगायला हवं, नाहीतर बाईला तुम्ही उगाच फार मोठी कटकारस्थानी समजाल. ती तशी नव्हती. होती ती फक्त हुशार, तिशीतली, आणि छापखान्यात एकटी सापडलेली.

तेव्हा पुस्तकं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापत. चौथीचं पुस्तक यंत्रावर चढायच्या बेतात होतं आणि आयत्या वेळी समितीकडून निरोप आला की एकोणिसाव्या पानावरचा दुसरा परिच्छेद काढा. त्या परिच्छेदात असं होतं की संस्थापक लहानपणी एकाच इयत्तेत दोनदा नापास झाले. हे खरं होतं, त्याला शाळेच्या दप्तराचा दाखला होता. पण समितीतले एक थोर गृहस्थ म्हणाले की यातून मुलांनी काय घ्यायचं? परिच्छेद निघाला आणि पानात अकरा ओळींचं भगदाड पडलं. संपादक आजारी, त्यांच्या घरी फोन नाही. छापखान्याचा फोरमन दारात उभा. शाळा उघडायला सोळा दिवस. "बाई," तो म्हणाला, "मला काव्यशास्त्रविनोद नको. मला अकरा ओळी द्या. पोकळ पान मी छापणार नाही."

मंडळाच्या पुस्तकात पान अर्धं रिकामं सोडायचं नाही हा नियम होता. चित्र टाकावं तर ठसा करायला तीन दिवस लागणार. तिने दुसरी पुस्तकं धुंडाळली, संस्थापकांच्या लहानपणाबद्दल अकरा ओळींचं काही मिळेना. तशी तिने एका कागदावर भावाची गोष्ट लिहून काढली. तिच्या लेखी चांगल्या मुलाची गोष्ट म्हटली की तीच होती, दुसरी सुचणार कुठून? नऊ ओळी झाल्या. दोन कमी पडल्या म्हणून ते जग दाखविण्याचं वाक्य रचलं. लिहिताना तिला स्वतःलाच भरून आलं होतं, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या आवृत्तीत संपादक काढून टाकतील असं धरून तिने कागद फोरमनच्या हातात दिला.

संपादकांनी काढलं नाही. त्यांना ते फार आवडलं. समितीला वाटलं संपादकांनी घातलं, संपादकांना वाटलं समितीने घातलं, आणि परीक्षकांना वाटलं की असा सोपा पाच गुणांचा प्रश्न आजवर मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत त्यापुढे "परंपरेने सांगितला जाणारा प्रसंग" असं आलं. एका वर्षाची परंपरा, पण ते कोण मोजतो! बाईने मूग गिळले. भाचा आदल्याच वर्षी चौथी पास होऊन गेला होता, भाऊ कुठल्यातरी नदीकाठी तंबूत होता. घरात आता चौथीत कुणी नाही, असं ती स्वतःला समजवायची. नात होईल आणि तीही एक दिवस चौथीत जाईल, हा हिशेब तिच्या डोक्यातच आला नाही.

चाचणी सोमवारी झाली. शुक्रवारी भाच्याचा कचेरीत फोन आला.

"आत्या, घरात एक रामायण झालंय," तो म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते असं. चाचणीत प्रश्न होता की हा प्रसंग कोणाच्या जीवनात घडला. पोरीने लिहिलं, संस्थापकांच्या आणि माझ्या आजोबांच्या. वर्गशिक्षिकेने पाचापैकी भोपळा दिला आणि वहीत शेरा मारला की घरी मुलांना संस्थापकांविषयी काहीबाही सांगू नये, पालकांनी भेटून जावे. वर्गातली पोरं तिला संस्थापकांची नात म्हणून चिडवायला लागली. ती घरी आली आणि आजोबांसमोर उभी राहून म्हणाली, तुम्ही खोटं बोललात.

"मग?" प्रूफबाईने विचारलं.

"मग काय. बाबांनी तिची माफी मागितली."

"माफी?"

"हो. म्हणाले, साहेब, माझंच चुकलं, कुठेतरी ऐकलं असेल आणि मला माझं वाटायला लागलं असेल. म्हातारपणी होतं असं." भाचा पुढे म्हणाला, "आत्या, तेवढ्यावर थांबलं असतं तर मी फोन केला नसता. त्यांनी बोलणंच टाकलंय. एरवी पुलांच्या गोष्टी सांगून कान किटवायचे. आता काही विचारलं की म्हणतात, मला नक्की सांगता येणार नाही. परवा मला बाजूला घेऊन विचारलं, तो तीन कमानींचा पूल मीच बांधून घेतला ना रे? तुझ्याकडे काही कागद आहे का? मला तर काही सुचेना. येत्या गुरुवारी डोक्याच्या डॉक्टरांना दाखवतोय. तू ये बरोबर. विसरण्याचं घराण्यात कुणाला होतं का, ते विचारतील."

"येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. समोर सहावीच्या भूगोलाची प्रूफं पडली होती. ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली.

तिला भावाचा स्वभाव माहीत होता. पुलाच्या कामावर एखादा आकडा त्याला नीट आठवला नाही, तर तो तसा आठवतो असं कधी म्हणायचा नाही. जाऊन मोजून यायचा. आता बासष्ट वर्षांचं आयुष्य तो मोजायला निघाला होता आणि मोजपट्टी हिनेच काढून घेतली होती. नुसतं "हो दादा, होते मी वळणावर" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तेवढंही तिच्याच्यानं झालं नाही. तिला स्वतःची अशी शरम वाटली की शनिवार-रविवार ती घराबाहेर पडली नाही. भावाकडे ताप आल्याचं कळवलं.

सोमवारी ती संचालकांच्या खोलीत गेली. धडा काढा म्हणायला गेली, कारण तिला वाटलं, मंडळानेच चूक मान्य केली की घरी सांगणं सोपं जाईल. भेकड माणूस असा आधी लांबच्या दाराने जातो. संचालक वयाने तिच्याहून लहान, हसतमुख, आणि चौथीत असताना त्यांनी हाच धडा पाठ म्हणून दाखवून पेला जिंकलेला. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: भगदाड, फोरमन, भाऊ, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग उठून कपाटातून सहाशे पानांचं एक चरित्र काढलं.

"बाई, बसा आधी. हे बघा, पान एकेचाळीस. चष्म्याचा प्रसंग. एवढ्या मोठ्या संशोधकाने दिलाय. म्हणजे आधार आहे."

"साहेब, मागची टीप बघा."

त्यांनी मागचं पान उघडलं, बोट खाली आणत नेलं आणि वाचलं: इयत्ता चौथी, इतिहास, धडा तिसरा. बोट तिथंच राहिलं.

"आधार मी आहे, साहेब," प्रूफबाई म्हणाली.

"असं कसं म्हणता? आधार हे पुस्तक आहे. आणि पुस्तकाला आधार आपलं पुस्तक आहे." त्यांचं त्यांनाच हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "सत्तावीस वर्षांत हा धडा शिकून गेलेल्या मुलांना जाऊन मी काय सांगू? की पान रिकामं दिसत होतं? उद्या विचारतील, आणखी कुठली पानं अशी भरली आहेत. तुम्ही तरी छातीठोक सांगाल का, एवढंच एक म्हणून?"

तिच्यापुरतं सांगता आलं असतं, पण मंडळात प्रूफं वाचणारी ती एकटी नव्हती.

"दहा महिने राहिलेत," संचालक मऊपणे म्हणाले. "सुखाने जा. तो मुलगा आता तुमचा भाऊ राहिला नाही, बाई. तो सगळ्यांचा झाला."

"सगळ्यांचा झाला म्हणूनच त्याचा राहिला नाही, साहेब," ती म्हणाली, आणि बाहेर आली.

बुधवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती भावाकडे गेली. मुलगा-सून कामावर होते. भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली, पुढ्यात दवाखान्यातून आलेला छापील तक्ता. वस्तू कुठे ठेवल्या हे विसरता का? न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या वाटतात का? प्रत्येकापुढे हो आणि नाही. दुसऱ्या प्रश्नापुढे त्याने हो वर खूण केलेली होती, ठळक, पेन्सिल दोनदा फिरवून. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नात वही उघडून गणितं करत होती. तिने मान वर केली नाही. आजोबांशी तिचं अजून सरळ झालेलं दिसत नव्हतं.

"ताप उतरला?" भावाने विचारलं.

"ताप आलाच नव्हता." ती खुर्ची ओढून बसली. "दादा, ती खूण खोड. चष्मा तूच नेऊन दिला होतास. तो धडा मी लिहिलाय."

तिने सांगितलं, संचालकांना सांगितलं होतं तसंच. सांगताना तिला वाटत होतं की आता तो चिडेल, टेबलावर हात आपटेल. त्याने तसं काही केलं नाही. तो तिच्याकडे माया आल्यासारखा बघत होता आणि तेच तिला सोसेना.

"तू लहानपणापासून अशीच," तो म्हणाला. "माझ्या हातून काही फुटलं की मी फोडलं म्हणून पुढं व्हायचीस. उद्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून आलीस होय?"

"अरे, खरं सांगतेय मी."

"बरं, सांग. काय काय झालं तेव्हा?"

"मास्तरांची बदली झाली."

"पुस्तकात आहे."

"तू अकरा वर्षांचा होतास. अनवाणी गेलास. ऊन होतं."

"आहे पुस्तकात."

"बारा किलोमीटर..."

"बबे, हे सगळं साहेबांना पाठ आहे," तो नातीकडे हात करून म्हणाला. "मलाही आता पाठ झालंय. रोज रात्री वाचतो. जितकं वाचतो तितकं मला दिसायला लागतं. मग मीच माझी समजूत घालतो की वेड्या, वाचतोयस म्हणून दिसतंय. तू म्हणालीस ना त्या दिवशी, तुला आठवत नाही. तेच खरं होतं. आता माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

प्रूफबाईने मनातल्या मनात गोष्ट पुन्हा चाळली. आपण लिहिलं तेवढं सगळं पुस्तकात गेलं होतं, आणि पुस्तकात गेलं तेवढं आता त्याच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. उरलं होतं ते एकच. ते तिने लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. आणि ते कुणाला सांगायचं नाही अशी त्याने त्या संध्याकाळी, ती सहा वर्षांची असताना, तिच्याकडून शपथ घेतली होती. तिने ती आजवर पाळली होती. टेबलाच्या त्या टोकाला पेन्सिल थांबली होती. पोरगी कान देऊन ऐकत होती. हिला बाहेर पाठवावं असं बाईच्या मनात आलं. मग वाटलं, हिच्यासमोरच तर त्याची मान खाली गेली होती.

"मास्तर चष्मा विसरले नव्हते, दादा," ती म्हणाली. "तू चोरला होतास."

भावाचा चेहरा आधी कोरा होता. मग त्याचे कान लाल झाले, बासष्ट वर्षांच्या माणसाचे.

"कुणीतरी फळ्यावर मास्तरांचं चित्र काढलं होतं," ती पुढे म्हणाली, "आणि मार तू खाल्लास. मधल्या सुट्टीत ते नळावर तोंड धूत होते तेव्हा तू टेबलावरून..."

"खिडकीतून," भाऊ म्हणाला. आवाज बसला होता. "खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. मी बाहेरून हात घातला." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खी शाळा धुंडाळली. आम्हा सगळ्यांना शोधायला लावलं. मीही शोधला. गुडघ्यावर बसून बाकांखाली शोधला, आणि चष्मा माझ्या दप्तरात. मग दुपारची बस आली. त्यांना पायरी दिसेना. पाय खाली गेला, वाहकाने दंडाला धरून वर घेतलं. पोरं हसली. हसायला मी होतो की नाही ते..." तो थांबला. "होतो. मीही हसलो."

"हे तू मला सांगितलं नव्हतंस," प्रूफबाई म्हणाली.

"कसं सांगणार? तू माझ्याकडे किती कौतुकाने बघत होतीस तेव्हा."

त्याने दवाखान्याचा तक्ता हाताने बाजूला सारला. त्याला आता तो वळणाचा रस्ता दिसत होता, आणि तो कुठल्याही पुस्तकातला नव्हता हे त्याचं त्याला कळलं होतं. चेहऱ्यावर आनंद होता की लाज, सांगता आलं नसतं. दोन्ही एकदम आलं होतं.

"मग तुम्ही मास्तरांना खरं सांगितलं?" नातीने विचारलं. "खोटं बोललात" म्हटल्यानंतर त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"नाही, साहेब."

"का?"

"भीती वाटली. सांगायलाच गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, चष्मा बघितला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, गुणी आहेस. त्यानंतर नाही सांगता आलं."

पोरीने यावर बराच विचार केला. मग प्रूफबाईकडे वळून तिने विचारलं, "आत्याआजी, हे पुस्तकात का नाही घातलंस?"

जागा नव्हती असं बाईच्या ओठांवर आलं होतं. "चोरी केलेला मुलगा संस्थापक म्हणून चालला नसता," ती म्हणाली. "खरे संस्थापक नापास झाले होते, तेवढंसुद्धा चाललं नाही."

"मग हे आजोबांचंच आहे," नात म्हणाली. "पुस्तकातला मुलगा असं करणारच नाही. तो रडतसुद्धा नाही." आणि ती खुर्चीवरून उतरून आजोबांच्या मांडीशी जाऊन उभी राहिली, कारण आजोबा रडत होते. तोंडावर हात न घेता, लहान पोरासारखे सरळ रडत होते.

बाई जागची हलली नाही. जवळ जावंसं फार वाटलं, पण आपला तो हक्क आपण रविवारच्या जेवणात घालवलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. भावाने डोळे पुसले, नाक पुसलं आणि तिच्याकडे पाहिलं. आता मात्र रागाने.

"तुला सगळं आठवत होतं."

"हो."

"मी वेडा व्हायला निघालो होतो, बबे. दहा दिवस. रात्री उठून जुन्या पेट्या उचकत होतो, पुलाचा एखादा कागद सापडतो का म्हणून. आणि तू कचेरीत बसून होतीस."

"हो."

"का नाही बोललीस?"

उत्तर एकच होतं, आणि ते थोड्या वेळापूर्वी त्यानेच नातीला दिलं होतं. दुसरं शोधायला तिला लाज वाटली.

"भीती वाटली, दादा. उद्या सकाळी शाळेत जाऊन हिच्या बाईंना सांगणार आहे मी. माझ्या नावानिशी. मग मंडळाला काय करायचं ते करू दे."

भावाने नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मास्तर गेले तेव्हा मी चाळिशीचा होतो," तो म्हणाला. "तोवर दर वर्षी ठरवायचो, यंदा जाऊन सांगायचं. नाहीच झालं. तू निदान मी जिवंत असताना आलीस."